कोडिंग येत नसेल तर टॅब्लो शिकता येईल का? सुरुवात कशी करू?

हो, टॅब्लो म्हणजे डेटाचे आलेख बनवायचं सॉफ्टवेअर, ते कोडिंगशिवाय नक्की शिकता येतं. त्याची मोफत मिळणारी आवृत्ती टॅब्लो पब्लिक आणि ‘सॅम्पल सुपरस्टोअर’ हा एका दुकानाच्या विक्रीचा सरावाचा डेटा घेऊन बसा. ऑफिसात नव्या मुलांना मी हेच आधी करायला लावतो. डेटातलं ‘सब-कॅटेगरी’ हे फील्ड ‘रोज़’ (Rows) या पट्टीवर, ‘सेल्स’ ‘कॉलम्स’ (Columns) या पट्टीवर ओढा आणि ‘प्रॉफिट’ ‘कलर’ या बटणावर टाका. ‘टेबल्स’ या फर्निचरच्या गटाची विक्री भरघोस दिसते, रंग मात्र तोट्याचा! मग ‘डिस्काउंट’ हे फील्डही ओढून बघा. असं ‘का?’ विचारत गेलात की बाकीची बटणं हळूहळू हाताखालून जातातच. फील्ड ओढलं की त्याची गोळीसारखी रंगीत पट्टी दिसते; निळी गोळी म्हणजे सुटे गट, हिरवी म्हणजे सलग आकडे, एवढं पहिल्याच दिवशी पक्कं करा. नवशिके इथेच अडकतात. फक्त एक सांभाळा: टॅब्लो पब्लिकवर प्रसिद्ध केलेलं काम कुणालाही दिसू शकतं, त्यामुळे कंपनीचा डेटा तिथे अजिबात टाकू नका.