वाहन शंका-समाधान : स्टिअरिंगचा आवाज

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, 80 हजार किलोमीटर झालेत. खराब रस्त्यावर हळू चालवताना कटकट आवाज येतो आणि तो स्टिअरिंगवर हातालाही लागतो. एक मेकॅनिक स्टिअरिंग ऑइल बदला म्हणतो, दुसरा अख्खी रॅक. कोणाचं ऐकू? (कराड)

उत्तर : पहिल्याचं तर मुळीच नको. तुमच्या स्टिअरिंगला मोटर जोर देते, त्यात बदलायला ऑइलच नसतं. दुसऱ्याचं खरं असू शकतं, पण रॅक (स्टिअरिंगचं फिरणं दोन्ही चाकांकडे ढकलणारी दात्यांची पट्टी) सगळ्यात महाग, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे असं भराभर हलवत राहायचं. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून पेडलच्या वर स्टिअरिंगच्या शाफ्टवर (रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर) जो क्रॉस जॉइंट दिसतो त्यावर हात ठेवायचा. वरचा भाग फिरला आणि खालचा क्षणभर मागे राहिला, किंवा हाताला टक्क असा ठोका लागला, तर दोष तिथेच. हा शाफ्ट काढताना चाकं सरळ ठेवा, स्टिअरिंग लॉक करा आणि दोन्ही टोकांना रंगाने खूण करा. सुटलेलं स्टिअरिंग नुसतंच गरागरा फिरलं की एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगखाली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते आणि काम दुपटीवर जातं.

क्रॉस ठीक असेल तर पुढचं चाक उचला. नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड हवाच. स्टिअरिंगचं लॉक सोडून चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) लागला तर टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा) किंवा आतला रॅक एंड (रॅककडचा सांधा). यातला कोणता, हे ओळखायला दुसऱ्याला चाक हलवत ठेवायला सांगा आणि रॅकचा रबरी बूट (आवरण) हाताने दाबून आतला बॉल चाचपा; तो हलला तर रॅक एंड, नाहीतर टाय रॉड एंड. 12 आणि 6 वर खेळ लागला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. खडखड पायाखाली जाणवते पण स्टिअरिंगवर नाही, अशा वेळी बहुतेकदा लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) निघतो. तो स्वस्तही आहे.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती फेऱ्यांत सुटला ते मोजा, नवा तितक्याच फेऱ्यांत बसवा. तरीही अलाइनमेंट करायचीच. स्प्लिट पिन असेल तर ती नवी टाका.

एवढं करूनही आवाज राहिला तर मग रॅकचा बुश. काही जण रॅकवरचा ॲडजस्टर (दात्यांमधला ढिलेपणा कमी करणारा स्क्रू) कसून आवाज बंद करून देतात. तो जास्त कसला गेला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर ॲडजस्टरला हात लावू देऊ नका.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारं) स्टिअरिंग. सकाळी वळवताना घूंऽऽ असा आवाज. स्टिअरिंगच्या बाटलीत ऑइल टाकलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. (अहमदपूर)

उत्तर : ऑइल कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी गळतंय. आधी ती जागा शोधा : पंपाचं सील, प्रेशर पाइपचे जोड आणि रॅकचे बूट. बूट दाबल्यावर आत ऑइल डचमळलं तर रॅकचं सील गेलेलं आहे.

बाटलीतलं ऑइल फेसाळ दिसतंय का तेही बघा. फेस म्हणजे हवा. बाटलीकडून पंपाकडे जाणारा पाइप ओढीचा असतो. त्याचा क्लॅम्प ढिला असला तर बाहेर थेंबही न सांडता तिथून हवा आत ओढली जाते, म्हणून हा दोष नजरेतून सुटतो. पाइप कडक झाला असेल तर क्लॅम्पसकट बदला.

मग हवा काढायची. पुढची चाकं स्टँडवर, इंजिन बंद, बाटलीचं झाकण उघडं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश 15-20 वेळा फिरवा, पातळी खाली जाऊ न देता ऑइल टाकत राहा. नंतर इंजिन चालू करून पुन्हा काही वेळा फिरवा. फेस आला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा, पुन्हा करा. ऑइल झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. लाल एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडमध्ये) हिरवं ऑइल मिसळू नका.

आवाज घूं नसून कर्कश किंचाळी असेल तर तो बेल्ट. चालू बेल्टवर लांबून थोडं पाणी उडवा, ओढणी-बाही सांभाळून. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण बघा. क्षणभर थांबला तर पुली एका रेषेत नाहीत.

प्रश्न : पूर्ण वळवून टोकाला धरलं की फुसफुस होते. पंप गेला का? (म्हापसा)

उत्तर : नाही. हायड्रॉलिकमध्ये टोकाला दाब वाढून रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. मात्र पाच सेकंदांपेक्षा जास्त टोकाला धरून ठेवू नका, ऑइल तापतं.

प्रश्न : उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘टुंग’ असा आवाज येतो. (चिपळूण)

उत्तर : शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग अडकलंय. स्प्रिंग फिरत नाही, पीळ खाते आणि एकदम सुटते. कुणाला तरी सावकाश स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवा, झटका कळेल. बोटं वेटोळ्यात घालू नका. चिखल-पाणी शिरून हे बेअरिंग गंजतं, तुमच्याकडच्या पावसात लवकरच. दोन्ही बाजूंची एकदम बदला, आणि घरी नको : दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमधून निसटली तर जीवावर बेतते.

उभ्या गाडीत काही नाही, पण वळणावर ॲक्सिलरेटर दिला की टकटकटक येतं, ती तक्रार वेगळी. तिथे ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. त्याचा बूट फाटलेला आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल.