शून्यावरून हातचा घेताना

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. ५०० − १६८ चं उत्तर ती दर वेळी ३४२ काढते. साधी हातच्याची वजाबाकी मात्र बरोबर येते. काय चुकतंय? – एक आई, नाशिक

उत्तर : तिने एक शतक सुटं केलं, ५ चे ४ केले, हे बरोबर. पण मग दोन्ही शून्यांवर १० लिहिले. एका शतकाचे दहाच दशक होतात. त्यातला एक दशक एककाकडे गेला, म्हणजे दशकाच्या घरात ९ उरायला हवेत. हा मधला टप्पाच तिच्या नजरेतून निसटतोय.

वही आठ दिवस बाजूला ठेवा. शंभराच्या ५, दहाच्या १० खेळातल्या नोटा आणि रुपयाची १० नाणी घ्या. सुरुवातीला तिच्या हातात फक्त शंभराच्या पाच द्या आणि म्हणा, “भाजीवालीला १६८ दे.” आठ रुपये सुटे नाहीत, दहाची नोटही नाही. मग शंभराची मोडायची, दहा नोटा मोजून घ्यायच्या, त्यातली एक मोडून दहा नाणी घ्यायची. इथे थांबा आणि विचारा, “दहाच्या किती उरल्या?” नऊ हे तिच्याच तोंडून येऊ द्या. प्रत्येक मोडीनंतर लगेच आकडा खोडून नवा लिहायचा: ४, ९, १०. उत्तर ३३२. पडताळा तिलाच करू द्या: ३३२ + १६८.

“शून्याचे नऊ होतात” असं पाठ मात्र करून घेऊ नका. ५२० − १६८ आलं की मुलं एककाच्या शून्यावरही नऊच लिहितात.

हे बसलं की ५०० म्हणजे ५० दशक, एक सुटा केला की ४९ दशक आणि १० एकक, असं दाखवा. ३००४ − १२५७ लाही हेच चालतं: २९९ दशक, १४ एकक. उत्तर १७४७.