पीक बदललं, पण गाठी तशाच

प्रश्न : नारायणगावजवळ माझं दीड एकर रान आहे. टोमॅटो भर दुपारी माना टाकतो, पाणी देऊनही तरारत नाही. उपटलं तर मुळांना गाठी. दुकानदार म्हणाला निमॅटोड, पिकांची फेरपालट करा. म्हणून मध्ये भेंडी घेतली आणि पुन्हा टोमॅटो लावला. गाठी आणखी वाढल्या. असं का?
– एक शेतकरी, ता. जुन्नर

उत्तर : दादा, घोळ त्या भेंडीतच आहे. निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरून राहणारा डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी ही गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला एकाच पंगतीतली ताटं. आपण पीक बदललं असं समजतो, त्याच्या लेखी फक्त भाजी बदलली. सासवडच्या आमच्या रानात मीही टोमॅटोवर वांगी लावून वडिलांना ‘फेरपालट केली’ म्हणून ऐकवलं होतं. दोन महिन्यांनी त्यांनी एक वांग्याचं झाड उपटून ओट्यावर आणून ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

एक मादी काही शे अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. म्हणजे टोमॅटोच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या. त्यांना उपाशी ठेवायचं, एवढंच फेरपालटीचं काम.

आता झाडं मुळांसकट उपटून जाळा. उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर शेणखतातून परत रानात येतील. मे महिन्यात खोल नांगरट करून रान तापू द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा पाळी घाला. पावसाळ्याच्या तोंडावर झेंडू लावा, पण पूर्ण रानात, दाट. बांधावर लावलेला झेंडू फोटोत छान दिसतो, वाफ्यातल्या सूत्रकृमीला त्याचं सुखदुःख नाही. झेंडूच्या मुळात शिरलेल्या पिल्लांची वाढ खुंटते, आणि मुळांतलं अल्फा-टरथिनाइल हे द्रव्य त्यांना मारक ठरतं. फुलं दसऱ्याला निघतील. भावाचं मात्र मी बोलत नाही. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात ढीग लागले की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

रब्बीत ज्वारी किंवा कांदा-लसूण घ्या. आणि या सगळ्या काळात तण राहू देऊ नका. कामोणी ही वांग्याच्याच कुळातली, रानमाठाच्या मुळांवरही गाठी धरतात. ज्वारीत कामोणी माजली तर उपास मोडलाच.

एवढं करून सूत्रकृमी समूळ जाणार नाहीत, पीक हाताला लागेल इतके कमी होतील. म्हणून टोमॅटो पुन्हा लावण्याआधी माती तपासा. वीतभर खोलीची ओलसर माती आणि थोडी बारीक मुळं पिशवीत भरून सावलीत ठेवा. इतर माती परीक्षणासारखी वाळवू नका, किडे मेले तर तपासणीत दिसणार काय? नमुना कुठे द्यायचा ते नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि रोपं गादीवाफ्यावरची घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोन-चार उपटून मुळं धुऊन बघा. एका रोपवाटिकेतून मी गाठी विकत आणल्या आहेत, वर गाडीभाडंही दिलं.