व्हिडिओ गेममध्ये ध्वनिरचनेमुळे खेळणाऱ्याच्या अनुभवात नेमका काय फरक पडतो?

चित्रे उत्तम असतील तर आवाज बंद ठेवून खेळल्याने काय बिघडते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुष्कळ बिघडते. पडद्यावर फक्त समोरचे दिसते. पाठीमागे किंवा भिंतीपलीकडे काय चालले आहे, हे खेळाडूला कानांनीच कळते.

लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हा १९९८ सालचा गेम मला या बाबतीत आजही आदर्श वाटतो. त्यात आपण गॅरेट नावाचा चोर असतो. दगडी फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर पडलेले पाऊल खणखणते, गालिच्यावर किंवा गवतावर ते जेमतेम ऐकू येते, आणि हा फरक केवळ शोभेसाठी नाही, कारण तोच आवाज पहारेकऱ्यांच्याही कानी जातो. म्हणून खेळाडू खोलीत शिरण्यापूर्वी जमीन कशाची आहे ते पाहतो, चाल मंदावतो, क्वचित शेवाळाचा बाण सोडून कठीण जमीन मऊ करून घेतो. शिवाय या गेममध्ये आवाज भिंतीतून सरळ येत नाही, तर खोल्या आणि दारे यांच्या वाटेने येतो. त्यामुळे पहारेकऱ्याच्या पुटपुटण्यावरून तो कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे, याचा अंदाज बांधता येतो. अंधारात स्तब्ध उभे राहून ऐकत राहणे हीच येथे खेळी ठरते, आणि इतके धाडसी रचनाकौशल्य मी फार थोड्या गेममध्ये पाहिले आहे.

भीतीच्या बाबतीत ‘सायलेंट हिल’ (१९९९) पाहावा. दाट धुक्यामुळे समोरचे फारसे दिसत नाही, पण राक्षस जवळ आला की नायकाजवळचा छोटा रेडिओ खरखरू लागतो. संकट आहे एवढे कळते, ते कोठे आहे ते मात्र कळत नाही, आणि या अर्धवट माहितीमुळेच छाती धडधडते.

साधनसामग्री तुटपुंजी असली तरी हे साधते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये अवघे चार उतरते स्वर पुनःपुन्हा वाजतात आणि शत्रू कमी होत जातात तशी त्यांची लय वाढते.

आवाजाच्या आधाराने किती दूर जाता येते, हे ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने २०२० मध्ये दाखवले: उडी, वाकणे, वस्तू उचलणे अशा कृतींसाठी त्यात वेगवेगळे ध्वनिसंकेत आहेत आणि त्यांच्या जोडीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे दृष्टिहीन खेळाडूंनीही तो पूर्ण केला आहे.