दारावर थाप मारण्यापूर्वी

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. कँपातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून, म्हणजे फ्रीमेसन या आमच्या शपथबद्ध बंधुसंघटनेच्या बैठकीच्या जागेवरून, रोज जाता-येता तुला त्या बंद दाराविषयी कुतूहल वाटू लागले, मग रात्र रात्र जागून तू मोबाइलवर त्याविषयीचे व्हिडिओ पाहिलेस, आणि आता विचारतो आहेस, ‘काका, तुम्ही इतकी वर्षे तिथे जाता, मीही येऊ का?’ आमच्याकडे कोणाला सभासद होण्याचा आग्रह करण्याची रीत नाही. ज्याला यायचे असेल त्याने आपण होऊन विचारावे लागते. तू विचारलेस, म्हणून मला मोकळेपणाने लिहिता येते. मात्र तुझ्या पत्रातली साडेतीन पाने गुपितांविषयी आहेत आणि तिथे कोणाच्या शेजारी बसावे लागेल याविषयी त्यात जेमतेम एक ओळ आहे, ही गोष्ट मला खटकली, आणि हे पत्र लांबणार आहे ते त्यामुळेच.

गुपिताचा विषय आधी संपवतो. मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन युरोपात दगडी चर्च आणि किल्ले बांधणारे गवंडी कामाच्या शोधात गावोगाव फिरत, कामाच्या जागेशेजारच्या खोपटाला ते लॉज म्हणत, आणि समोरचा माणूस खरोखर कसबी आहे की नुसताच टाकी-हातोडा घेऊन आलेला आहे हे ओळखण्यासाठी त्यांच्या काही खुणा असत. पुढे या लॉजमध्ये गवंडीकाम न करणारी माणसेही येऊ लागली आणि सभासदांच्या मंडळालाच लॉज म्हणू लागले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या एका मद्यालयात चार लॉज एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवर अधिकार असलेली मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली, असे परंपरेने मानले जाते; १७२३ मध्ये तिची नियमावली छापली गेली. १७३० मध्ये तर एका सभासदाने सगळे विधीच छापून बाजारात आणले. म्हणजे इकडे शनिवारवाड्याचा पाया घातला जात होता, त्याच वर्षी तिकडे आमची गुपिते काही पेन्सला विकत मिळत होती. भारतातली पहिली लॉज कलकत्त्यात निघाली, तीही याच सुमारास. तेव्हा ज्या रहस्यासाठी तू झोप मोडलीस, ते जवळजवळ तीनशे वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरीही आम्ही त्या खुणा आणि ते शब्द कोणाला सांगत नाही, कारण न सांगण्याचा शब्द आम्ही दिलेला आहे. किरकोळ बाबतीत दिलेला शब्द ज्याला पाळता येतो त्याच्यावर मोठ्या बाबतीत विसंबता येते, एवढाच त्यामागचा विचार आहे आणि तो मला आजही पटतो.

जगावर गुप्तपणे राज्य करणारे मंडळ, सैतानाची पूजा वगैरे जे तू पाहिलेस, त्यातला बराच भाग लिओ टॅक्सिल नावाच्या एका फ्रेंच लेखकाने रचलेला आहे. फ्रीमेसनांविषयी भयंकर गोष्टी लिहून त्याने अनेक वर्षे लोकांना भुलवले आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला भरसभेत स्वतःच सांगितले की हे सारे बनावट होते. त्याची कबुली लोक विसरले, गोष्टी मात्र राहिल्या. आपल्याकडेही अनेक शहरांत मेसनिक हॉलला ‘जादूघर’ म्हणत असत. आमच्याशी जिचे नाव जोडले जाते ती इल्युमिनाटी ही १७७६ मध्ये बव्हेरियात निघालेली आणि दहा वर्षांच्या आत सरकारने बंदी घातलेली वेगळी संघटना होती. आज तिच्या नावाने मोबाइलवर ‘सभासद व्हा, श्रीमंत व्हा’ असे संदेश येतात आणि प्रवेश शुल्क म्हणून पैसे मागितले जातात. तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे. असा संदेश तुला आला असेल तर उत्तर देऊ नकोस आणि पैसे पाठवले असशील तर संकोच न करता मला सांग, आपण सायबर पोलिसांकडे जाऊ.

आता तू न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. तू साइटवर काम करतोस, म्हणून गुण्या, ओळंबा आणि पाणसळ तुला समजावून सांगण्याची गरज नाही. लॉजमध्ये याच अवजारांवरून वागणुकीचे धडे दिले जातात: गुण्याने वर्तन काटकोनात आहे की नाही हे पाहावे, पाणसळीने सर्वांना एका पातळीवर मानावे, ओळंब्याने आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत हे तपासावे. हे ऐकायला बालबोध वाटते, आणि पहिली दोन वर्षे मलाही तसेच वाटत होते. एकदा एका पुलाच्या कामावर वडार समाजातल्या एका वृद्ध मिस्त्रीला मी ओळंबा लावताना पाहिले. दोरी सोडल्यावर गोळा झुलत होता. मला घाई होती, मी भिंत सरळ असल्याचे बोलून मोकळा झालो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन बोटांत दोरी धरून तो गोळा पूर्ण थांबेपर्यंत उभा राहिला, मग एक डोळा मिटून पाहिले आणि भिंत वरच्या बाजूला अर्धा इंच बाहेर गेल्याचे दाखवले. लॉजमध्ये शंभरदा ऐकलेले वाक्य त्या दिवशी मला कळले. म्हणून मी तुला सांगतो की तिथे एकच विधी, तेच शब्द, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि म्हणायचे असतात. ज्याला दर महिन्याला नवे काही हवे असते तो वर्षभरात कंटाळतो.

पदव्या तीनच आहेत: शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन. त्यापुढच्या तेहतीसपर्यंतच्या पायऱ्यांविषयी तू लिहिले आहेस, त्या वेगळ्या शाखांच्या आहेत आणि त्यांनी कोणी मास्टर मेसनपेक्षा मोठा होत नाही.

पाणसळीविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या संघटनेने स्वतः सांगितलेला समतेचा धडा भारतात स्वतःच पुष्कळ काळ पाळला नाही. माणकजी करसेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या इंग्रजांच्या लॉजने प्रवेश दिला नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. त्यानंतर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुद्दाम भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून काढली. सभासदाचा ईश्वरावर विश्वास असावा लागतो, म्हणून हिंदूंच्या बाबतीत अनेक देव मानणाऱ्यांचा ईश्वर एक कसा, असा आक्षेप निघाला आणि कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना अनेक वर्षे झगडून १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. पुढे बारा वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सभासद झाले. मोठ्यांची अशी नावे पाहून कोणी आत येऊ नये, कारण आपल्या शेजारी विवेकानंद बसणार नसतात. पण ज्यांना दार बंद झाले आणि तरी ज्यांनी तत्त्वाचा हट्ट सोडला नाही, त्या माणकजी आणि प्रसन्नकुमार या दोघांची आठवण मी प्रत्येक नव्या सभासदाला करून देतो.

आज भारतातल्या लॉजमध्ये भगवद्गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ एकाच वेळी उघडून ठेवण्याची प्रथा आहे आणि प्रत्येकजण आपल्या ग्रंथावर शपथ घेतो. माझ्या एका बाजूला पारशी डॉक्टर बसतात, दुसऱ्या बाजूला हार्डवेअरचे दुकान चालवणारे बोहरी गृहस्थ आणि समोर लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार. बैठकीत राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला बंदी आहे. सदाशिव पेठेत वाढलेल्या मला या तिघांची ओळख दुसऱ्या कोणत्या मार्गाने झाली असती हे सांगता येत नाही. नोकरीतली माणसे नोकरीपुरती होती, नातेवाईक आपल्यासारखेच होते, आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडणे होती. माझ्या बायपासच्या वेळी पहाटे पाच वाजता रुग्णालयाच्या पायरीवर ते बोहरी गृहस्थ थर्मास घेऊन बसलेले होते. तुझ्या काकूने त्यांना तोवर दोनदाच पाहिले होते. मला या संघटनेत जे मिळाले ते असे आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘तिथे मोठमोठे बिल्डर आणि अधिकारी असतील, ओळखी होतील.’ हे वाक्य मनातून काढून टाकता येते का ते पाहा, आणि काढता येत नसेल तर येऊ नकोस. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका तरुणाचे नाव सुचवले होते. वागायला नम्र, बोलायला गोड. सहा महिन्यांत त्याने प्रत्येकाला आपले व्हिजिटिंग कार्ड दिले, दीड वर्षात एका वृद्ध सभासदाच्या मुलाकडून काम मिळवले, ते अर्धवट सोडले आणि येणे बंद केले. त्या वृद्ध गृहस्थांनी मला कधी दोष दिला नाही, पण नाव मी सुचवले होते, आणि माणूस पारखण्यात मी घाई केली होती. त्यानंतर किमान वर्षभर ओळख असल्याशिवाय मी कोणाच्याही अर्जावर सही केलेली नाही. तुझ्या बाबतीतही करणार नाही, याचा राग मानू नकोस.

अर्जाची रीत अशी आहे. वय एकवीस पूर्ण असावे लागते. दोन सभासदांनी नाव सुचवावे लागते, मग काहीजण येऊन तुझ्याशी आणि घरच्यांशी बोलतात, आणि शेवटी गुप्त मतदान होते. एक लाकडी पेटी फिरते, तिच्यात हात घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकायची. कोणी कोणती टाकली ते कळत नाही. ईश्वरावर विश्वास आहे का, हा प्रश्न तुला पहिल्यांदा विचारला जाईल. तू लिहितोस की तुझे अजून नक्की ठरलेले नाही. ही प्रामाणिक गोष्ट आहे, आणि ठरेपर्यंत थांबणे हेच योग्य होय. प्रवेशासाठी खोटे ‘हो’ म्हणून सुरुवात करण्याइतकी वाईट सुरुवात दुसरी नाही. १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली, पण काही लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजकडेच राहिल्या. तेव्हा कोणीही बोलावले तरी ती लॉज कोणाच्या अधिकाराखाली आहे हे आधी विचारून घ्यावे. प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, विधीच्या वेळी कमरेला बांधायचा एप्रन आणि काळा सूट यांचा खर्चही आधीच विचारावा, आणि पगारातून घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाने तो विचारताना संकोच करू नये. वेळेचा हिशेब त्याहून अवघड आहे. विधीचे पाठांतर करावे लागते. मी ते सारसबागेत पहाटे फिरताना केले, आणि मुलांच्या परीक्षांच्या वर्षांत मला ते जमले नाही तेव्हा मी पद घेतले नाही.

तुझ्या ताईने ‘बायकांना का नाही?’ असे विचारल्याचे तू लिहिले आहेस. तिचा प्रश्न रास्त आहे. आमच्या लॉजमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाही, आणि जुनी परंपरा एवढेच उत्तर मला देता येते. ते मला स्वतःलाही पुरेसे वाटत नाही. स्त्री-पुरुष दोघांना प्रवेश देणारी वेगळी शाखा आहे आणि ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली, पण आमची संघटना तिला मान्यता देत नाही. तिला हे असेच सांग.

आणखी एक विनंती आहे. शपथ घेऊन एखाद्या कार्याला बांधून घेण्याची ओढ तुला असेल, तर पुण्यात त्यासाठी कँपापर्यंतच जावे लागते असे नाही. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. प्रतिज्ञा आधी त्यांनी स्वतः घेतली आणि मग आपल्या सहकाऱ्यांना दिली. त्या प्रतिज्ञांत स्वतःसाठी पैसा मिळवण्याच्या मागे न लागण्याची आणि कोणाशी वैयक्तिक भांडण न करण्याची प्रतिज्ञा होती. १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजींना या समाजात यायचे होते, पण सभासदांत मतभेद आहेत असे दिसताच त्यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि स्नेह मात्र तसाच ठेवला. ज्या मंडळींवर आपले प्रेम आहे त्यांच्यातही प्रत्येकाने सभासद झालेच पाहिजे असे नसते. तुझ्या आजोबांनी माळ घातली होती आणि ते आळंदीच्या दिंडीत तीस वर्षे चालले. तिथेही शेजारी कोण चालेल हे त्यांनी निवडलेले नव्हते. एकदा त्यांच्या दिंडीतल्या जुन्या माणसांना भेटून ये, रक्तदान शिबिरात किंवा एखाद्या ग्रंथालयात सहा महिने काम करून पाहा, आणि त्यानंतरही हे दार तुला बोलावत असेल तर मला सांग.

आईला तू अजून काही सांगितलेले नाहीस असे पत्रावरून दिसते. विधीतले शब्द घरी सांगायचे नसतात, पण आपण कुठे जातो, कोणाबरोबर बसतो आणि किती पैसे देतो हे घरापासून लपवायला आमची संघटना कधीही सांगत नाही. येत्या रविवारी सकाळी तिला घेऊन घरी ये. माझा एप्रन मी कपाटातून काढून ठेवतो. कोकराच्या कातड्याचा पांढरा रंग कडांना पिवळा पडला आहे आणि पट्ट्याच्या आकड्याजवळ गंजाचा एक डाग आहे, तो तिला दाखवीन. तिला जे विचारायचे असेल ते तिने तुझ्यासमोर विचारावे. काकूने उपम्याचे सांगितले आहे, तेव्हा नऊच्या आत या.

कळावे,
तुझा काका