एक पट्टीचा, एक घाबरलेली, दोन लहान आणि सासूबाई: ऑस्ट्रियात स्कीला कुठे जायचं?

प्रश्न १

नमस्कार ताई, आम्ही म्युनिकला राहतो. येत्या फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या सुट्टीत आठवडाभर ऑस्ट्रियात स्कीला जायचं ठरतंय, माणसं एकूण नऊ. नवरा सात वर्षं स्की करतोय, ब्लॅक रन, म्हणजे सगळ्यात अवघड उतार, त्याशिवाय त्याला मजा येत नाही. मित्र आणि त्याची बायको स्नोबोर्डवाले, बरे आहेत. मी दोन वर्षांपूर्वी एकदा शिकायला गेले होते आणि जोरात पडले, तेव्हापासून भीती बसलीये. मुलं ९ आणि ५ वर्षांची, दोघांनी स्की कधी पायात घातलेली नाही. नणंद पुण्याहून येतेय, तिला शिकायचंय. आणि सासू-सासरे, दोघं पासष्टीच्या पुढचे, आईंचा गुडघा दुखतो, शिवाय ते दोघं पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. नवऱ्याच्या ऑफिसमधे सगळे सेंट अँटनचं नाव घेतात, तिथे ३०० किलोमीटरच्या वर रन्स आहेत म्हणे. मला मात्र वाटतंय की तिथे गेलो तर तो एकटा खूष आणि बाकी आम्ही आठ जण हॉटेलात. काय करू?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर

तुम्हाला वाटतंय ते अगदी बरोबर आहे आणि हे उत्तर तुम्ही नवऱ्याला वाचून दाखवलंत तरी चालेल. मिश्र ग्रुप असेल तर जागा सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून निवडायची, कारण पट्टीचा माणूस सोप्या गावातून लांबच्या अवघड रनवर जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो, पण नवशिका माणूस अवघड गावात कुठेच जाऊ शकत नाही. हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या पहिल्या वर्षी ग्रुपमधल्या दोघा तरबेज लोकांनी गाव ठरवलं, तिथे नवशिक्यांसाठी एकच लिफ्ट होती आणि तीही टी-बार, म्हणजे ढुंगणामागे दांडा अडकवून उभ्याउभ्या वर ओढत नेणारी. तीन दिवस मी त्या दांड्यावरून पडत होते, आणि पुढची दोन वर्षं बर्फाकडे फिरकले नाही. तुमच्याबाबतीत हे परत होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण तुम्ही एकदा पडलेल्या आहात आणि दुसऱ्यांदा भीती बसली की ती लवकर जात नाही.

सेंट अँटनबद्दल. गाव मोठ्या मानाचं आहे, तिथला स्की क्लब १९०१ सालचा, आणि आज जगभर नवशिक्यांना जे आधी स्कीची पुढची टोकं जवळ आणून नांगर करून थांबायचं आणि मग हळूहळू वळायचं असं टप्प्याटप्प्याने शिकवतात ना, त्या पद्धतीची घडी हानेस श्नायडरने याच आर्लबर्ग भागात बसवली. म्हणजे शिकवण्याचं माहेरघरच. तरीपण डोंगर तोच आहे, उभा. नासराइन भागात शिकायची सपाट जागा आहे, पण तिथून पुढच्या पायरीवर गेलात की तिथले ब्लू रन दुसऱ्या गावातल्या रेडसारखे वाटतात आणि दुपारी चारला सगळं जग त्याच रनवरून खाली येत असतं. एक लक्षात ठेवा, ऑस्ट्रियात ब्लू म्हणजे सोपं, रेड मधलं, ब्लॅक अवघड, पण हा रंग त्या त्या ठिकाणच्या मानाने असतो, सगळीकडचं ब्लू सारखं नसतं. आणि किलोमीटरच्या आकड्याला भुलू नका, तुमच्यातले चार नवशिके पहिले तीन दिवस मिळून एक किलोमीटरसुद्धा वापरणार नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर स्कीवेल्ट विल्डर कायझर घेतलं असतं, म्हणजे एल्माऊ, शेफाऊ, सॉल, हॉप्फगार्टन, ब्रिक्सन ही तिरोलमधली गावं. सगळी लिफ्टने जोडलेली, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास रन्स, त्यातले बहुतेक ब्लू आणि रेड. म्युनिकहून ट्रॅफिक नसेल तर दीड तासाच्या आसपास. शिवाय कुफश्टाइन-स्यूडला हायवे सोडलात तर तिथवरच्या तुकड्याला विन्येट, म्हणजे हायवेच्या टोलचं स्टिकर, लागत नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून ती सूट आहे.

या गावांमधे मी एल्माऊ म्हणेन. शिकायचा उतार खालीच, गावाला लागून, तुम्ही, नणंद आणि मुलं सकाळी चालत पोचाल. हार्टकायझरची गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, वर दीड हजार मीटरवर जाते आणि तिला पायी जाणाऱ्यांचं वेगळं तिकीट मिळतं, म्हणजे सासू-सासरे स्की न घालता वर जाऊन समोर विल्डर कायझर डोंगराचे कडे बघत बसू शकतात. माझ्या मते तुमची सगळी ट्रिप या एका गोष्टीवर अवलंबून आहे: दुपारी एक वाजता नऊच्या नऊ माणसं एका टेबलाशी येऊ शकतात का? नवरा स्की करत येईल, आई गोंडोलातून येतील, मुलं स्की स्कूलमधून सुटून तुमच्याबरोबर येतील. गाव बघताना नकाशावर आधी हेच शोधायचं, गोंडोला जिथे थांबते तिथे हॉटेल आहे का आणि तिथून खाली परत गोंडोलानेच येता येतं का. सॉलमधेपण हे छान जमतं, मधल्या होखसॉल स्टेशनवर बरंच काही आहे, तिथून दुसरी गोंडोला होहे साल्वेवर जाते, १८२९ मीटर, अगदी टोकावर छोटं चर्च आहे आणि तिथून दिसतं ते आई आयुष्यभर सांगत राहतील. फक्त सॉलची लिफ्ट गावापासून थोडी लांब आहे, स्की बस पकडावी लागते, आणि पाच वर्षांचं मूल, चार जोड्या स्की आणि दुखरा गुडघा घेऊन रोज सकाळी बस म्हणजे वैताग. म्हणून एल्माऊ.

नवऱ्याला काय? पहिले दोन-तीन दिवस तो आणि तुमचे मित्र मिळून पूर्ण सर्किट फिरतील, ब्रिक्सनपर्यंत जाऊन परत यायला दिवस जातो. ब्लॅक इथे कमी आहेत हे खरं. पण किट्झब्यूल वीसेक किलोमीटरवर आहे, एक दिवस त्याला तिकडे पाठवा. जानेवारीत जिथे हानेनकामची रेस होते ती श्ट्राइफ नावाची रन तिथेच, माउसफाले नावाच्या जागी उतार ८५ टक्के. एवढा एक दिवस मिळाला की उरलेले दिवस तो तुमच्याबरोबर ब्लूवर आनंदाने येईल, असा माझा बऱ्याच घरांतला अनुभव आहे. फक्त त्याने तुम्हाला शिकवायचं नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, नवरा-बायकोत शिकवणी नको. तुम्ही आणि नणंद दोघींनी मोठ्यांच्या ग्रुप क्लासला नाव घाला आणि पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला सांगा की मी आधी पडलेय आणि घाबरते.

मुलांना स्की स्कूल, दुसरा विचारच नको. क्लास बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतो आणि आठवडाभर तोच ग्रुप असतो, त्यामुळे मंगळवारी पोचून उपयोग नाही. पाच वर्षांच्याला मॅजिक कार्पेट, म्हणजे सरकता पट्टा, त्यावर नुसतं उभं राहायचं. तिथे मुलांना पिझ्झा आणि पोमेस शिकवतात, पिझ्झा म्हणजे पुढून टोकं जवळ आणून थांबायचं, पोमेस म्हणजे दोन्ही पट्ट्या सरळ समांतर. तुमची मुलं जर्मन बोलत असतील तर प्रश्नच नाही. फाशिंगच्या आठवड्यात क्लासच्या जागा भरतात, तर घर बुक केलंत त्याच दिवशी क्लासपण बुक करा. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनापण.

नवशिक्यांनी पहिल्या दिवशी सहा दिवसांचा पूर्ण स्की पास घ्यायचा नाही. खालच्या छोट्या लिफ्टसाठी वेगळं तिकीट किंवा पॉइंट कार्ड असतं, ते घ्या, चौथ्या दिवशी इन्स्ट्रक्टर वर न्यायचं म्हणाला की मग एक-दोन दिवसांचा पास. चार जणांचे यात बरेच युरो वाचतात, आणि पैसे भरलेत म्हणून वर गेलंच पाहिजे हे मनावरचं दडपणही राहत नाही.

आता जेवण, कारण तुमची खरी काळजी तीच असेल. हॉटेल न घेता किचनवालं फेरियनवोनुंग, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर घ्या. शनिवारी पोचाल, तर लक्षात ठेवा ऑस्ट्रियात शनिवारी सुपरमार्केट संध्याकाळी सहापर्यंत बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही, त्यात फाशिंगच्या शनिवारी कुफश्टाइनच्या आधी गाड्यांची रांग लागलेली असते, म्हणजे सातला पोचलात तर सोमवारपर्यंत घरात दूध नाही. म्हणून पोहे, तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, पहिल्या दोन दिवसांचं सगळं म्युनिकहूनच न्या आणि पहाटे निघा. डोंगरावरच्या हॉटेलात आईंना केझेश्पेत्झले द्या, चीझमधे घोळवलेले पिठाचे छोटे तुकडे, वर तळलेला कांदा, मागताना फक्त बेकन नाही ना तेवढं विचारा. कायझरश्मार्न गोड असतं, अंड्याचं जाड धिरडं तोडून साखर घातलेलं, त्यातल्या मनुका कधीकधी रममधे भिजवलेल्या असतात तेही विचारा. आणि गेर्मक्नोडल तर आईंना नक्की आवडेल, वाफवलेला मोठा गोळा, आत प्लमचं सारण, वरून खसखस आणि साखर! सूपच्या बाबतीत मात्र सांभाळा. त्यात तरंगणारा गोळा चीझचा असला तरी खालचं पाणी बहुतेक वेळा बीफचं असतं आणि मेन्यूत ते ठळक लिहिलेलं नसतं. हे आईंना नंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आईंच्या गुडघ्यासाठी बुटांना खालून लावायचे रबरी काटे मिळतात ते घ्या, आणि बर्फ साफ केलेल्या हिवाळी पायवाटांचा नकाशा गावातल्या टुरिस्ट ऑफिसात फुकट मिळतो.

विम्याचं एकच सांगते. स्लोपवरून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर तो खर्च नेहमीच्या हेल्थ इन्शुरन्समधे मिळेल असं धरून चालू नका, आल्प्समधल्या अल्पाइन क्लबच्या मेंबरशिपमधे बचावाचा विमा असतो किंवा वेगळा घेता येतो, तो निघण्याआधी घ्या. ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीचा नंबर १४०, सगळ्यांच्या फोनमधे सेव्ह करा.

प्रश्न २

आम्ही चार मित्र पुण्याहून मार्चच्या शेवटी जायचं म्हणतोय. दोघांनी गुलमर्गला कोर्स केलाय, दोघं एकदम नवीन. गाडी चालवायची नाहीये. स्कीवेल्ट की दुसरं काही?
— एक वाचक, पुणे

उत्तर

मार्चच्या शेवटी स्कीवेल्ट नको. ती गावं ६०० ते ८०० मीटरवर आहेत, तेव्हा खाली दुपारी बर्फाचा लगदा होतो आणि नवशिके नेमके खालीच असतात. तुम्हाला उंची हवी. गाडी नाही म्हणताय तर झेल अम झे बघा, म्युनिकहून साल्झबुर्गला ट्रेन बदलली की थेट गावात, स्टेशन तळ्याच्या काठावरच. बाजूच्या काप्रूनला किट्झश्टाइनहोर्न ही ग्लेशियर आहे, तिथे अल्पाइनसेंटरजवळ २४५० मीटरवर सोपे उतार आहेत, त्यामुळे नवीन दोघांना मार्चमधेपण चांगला बर्फ मिळेल, आणि कोर्स केलेले दोघं त्याच डोंगरावर असतील. वरचं स्टेशन ३०२९ मीटरवर, तिथून ग्रोसग्लॉकनर दिसतो, ऑस्ट्रियातलं सगळ्यात उंच शिखर, ३७९८ मीटर. ग्लेशियरवर वारा सुटला की लिफ्ट बंद पडतात, तेव्हा दोन दिवस मोकळे धरा, तळ्याभोवती फिरा. काहीजण ओबरगुर्गल सुचवतील, ते गावच १९३० मीटरवर आहे आणि बर्फासाठी उत्तम, पण स्की सोडून तिथे करायला फार काही नाही, शिवाय रेल्वे नाही.

व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा मागायचा, म्हणजे तुमच्यासाठी ऑस्ट्रिया, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा लागतो. तो घेताना हिवाळी खेळ त्यात धरलेत का हे वाचून बघा, आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त पॉलिसींत स्की वगळलेलं असतं. व्हिसा मिळेल, पण पाय मोडला तर एक पैसा मिळणार नाही.

कपडे तिकडेच भाड्याने मिळतील का असं विचारताय असं गृहीत धरते: बूट, स्की, हेल्मेट हमखास, जॅकेट-पँट सगळीकडे नाही. बुटांवर वेळ घालवा. गुडघा वाकवल्यावर टाच उचलली जाता कामा नये आणि आत एकच पातळ लांब मोजा. दोन जाड मोजे घातले की पाय जास्त गार पडतो, हे गुलमर्गवाल्यांना माहीत असेलच.

प्रश्न ३

मुलगी ४ वर्षांची, आम्ही दोघं बऱ्यापैकी स्की करतो. फक्त तिच्या दृष्टीने गाव सांगा.
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर

झेर्फाउस. गाव १४२७ मीटरवर, आणि गावाखालून चक्क छोटी मेट्रो धावते, १९८५ पासून, फुकट. त्यामुळे रस्त्यावर गाड्यांची वर्दळ नाही, मुलीला बर्फाळ फुटपाथवरून हात धरून ओढत न्यावं लागत नाही, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत ती मेट्रोनेच जाईल आणि बहुतेक दिवसभर तिला तेवढंच परत परत करायचं असेल. मुलांची जागा मोठी आणि बाजूला राखलेली आहे, मोठे लोक वेगाने तिथून जात नाहीत. घर बघताना मेट्रोच्या स्टेशनपासून चालत दोन-चार मिनिटांवरचं बघा.