मून ड्रुइडला जोड कशाची द्यावी, बार्बेरियनची की मंकची?

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तिसऱ्या लेव्हलला मून ड्रुइडला (जनावराचं रूप घेऊन लढणारं पात्र) कोणता क्लास (पात्राचा प्रकार) जोडू, असं एकाने विचारलंय, आणि वर 'आमचा डीएम (खेळ चालवणारा) मंक घे म्हणतो'. म्हणून लिहायला बसलो. इंदूरला आमच्या रविवारच्या टेबलावर याच वादात पोहे-जलेबी थंड झाली आहेत.

बार्बेरियन घ्या. एकच लेव्हल.

मंकवाल्यांचं म्हणणं असं की अस्वल झालात तरी विज्डम तुमचंच राहतं, त्यामुळे मंकचा अनआर्मर्ड डिफेन्स (चिलखताशिवायचा बचाव, ज्यात विज्डम धरतात) चालतो. विज्डम १६ (मॉडिफायर +३) असेल तर तपकिरी अस्वलाचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११ वरून १३. बरोबर आहे. पण बार्बेरियनचा अनआर्मर्ड डिफेन्स अस्वलाचं कॉन्स्टिट्यूशन धरतो, तेही १६च, म्हणजे एसी तिथेही १३. विज्डम १८ झालं की मंक एकाने पुढे जातो. त्या एकासाठी रेज (बार्बेरियनचा संताप) सोडायचा?

दुसरं आमिष बोनस अॅक्शनच्या (त्याच राउंडमधल्या जादा कृतीच्या) ठोशाचं. आमच्याकडे एक मंकवाला चावा, पंजा आणि वर ठोसा असे तीन हल्ले चार सेशन करत होता. हटकलं तर म्हणे, "अरे भिया, अस्वलाला हात नाहीत का?" हात आहेत हो! पण मल्टिअॅटॅक (अस्वलाचा चावा आणि पंजा एकत्र) ही स्वतंत्र अॅक्शन आहे, अॅटॅक अॅक्शन नव्हे. मार्शल आर्ट्सला (जादा ठोसा देणारी मंकची क्षमता) अॅटॅक अॅक्शनच लागते, तीही अनआर्म्ड स्ट्राइक (रिकाम्या हाताचा वार) किंवा मंक वेपनने केलेली. पंजा नैसर्गिक शस्त्रात मोडतो. ठोसाच हवा असेल तर चावा-पंजा सोडून १डी४+४ (चार बाजूंचा एक फासा, अधिक ४) चे दोन ठोसे मारा: सगळे लागले तर सरासरी १३. चावा आणि पंजा मिळून १९.५ होतात. पाचव्या लेव्हलचा एक्स्ट्रा अॅटॅकही (एका अॅटॅक अॅक्शनमध्ये दोन वार) याच कारणाने मल्टिअॅटॅकवर चढत नाही, तेव्हा त्यासाठी पाच लेव्हल घालवू नका.

आता रेज. शस्त्रांचा, दातांचा, नखांचा मार निम्मा, म्हणजे अस्वलाचे ३४ हिट पॉइंट अशा मारापुढे ६८ सारखे टिकतात. अडचण एवढीच की रूप बदलणं आणि रेज दोन्ही बोनस अॅक्शन. म्हणून दार फोडायच्या आधीच अस्वल व्हा (ड्रुइड २ ला एक तास पुरतं) आणि पहिल्या राउंडला रेज. अचानक गाठलं तर आधी रूप, पुढच्या राउंडला रेज. रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही, पण स्पेलचा स्लॉट (स्पेल टाकायचा साठा) खर्चून स्लॉटच्या लेव्हलमागे १डी८ बरं होणं चालतं, कारण ते स्पेल नव्हे.

फसगत कुठे होते? कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) रेजमध्ये तुटतं, तेव्हा बार्कस्किन स्पेलचा १६ एसी विसरा. जायंट स्पायडरचा चावा निम्मा होतो, त्यामागून येणारं २डी८ विष मात्र पूर्ण अंगावर येतं. रेज लाँग रेस्टमागे (रात्रभराची विश्रांती) दोनदाच, वाइल्ड शेप (रूप बदलणं) शॉर्ट रेस्टमागे (छोटी विश्रांती) दोनदा. दिवसाच्या तिसऱ्या मारामारीत तुम्ही साधं अस्वल. बार्बेरियन जोडायला स्ट्रेंग्थ आणि विज्डम दोन्ही १३ हवेत, आणि माणसाच्या रूपात त्या स्ट्रेंग्थचा उपयोग शून्य.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं: एक लेव्हल दुसरीकडे दिली की सीआर २ ची (सीआर म्हणजे जनावर किती तगडं त्याचा आकडा) जनावरं सहाव्याऐवजी सातव्या लेव्हलला मिळतात, कॉन्ज्युअर अॅनिमल्स हा स्पेल पाचव्याऐवजी सहाव्या. कॅम्पेन लांब चालणार असेल तर मी निव्वळ ड्रुइडच ठेवीन. तीन-चार लेव्हलचा खेळ असेल तर बार्बेरियन.

वरचे सगळे आकडे २०१४ च्या नियमांचे. २०२४ च्या नियमांत जनावराचे हिट पॉइंट मिळतच नाहीत. स्वतःचेच राहतात, वर मून ड्रुइडला ड्रुइड लेव्हलच्या तिप्पट टेम्पररी हिट पॉइंट. आणि मून ड्रुइडचा एसी किमान १३ अधिक विज्डमचा मॉडिफायर. म्हणजे मंकचा १० अधिक विज्डमवाला हिशोब अस्वलापुरता तिथे आपोआपच निकालात निघाला. डीएमला ते पान उघडून दाखवा.